क्लोरीनवर श्वास घेणारा जिवाणू

ड्रायक्लीनिंगहून आणलेल्या सुटाला जो गोडसर, डोक्यात चढणारा वास येतो, तो बहुधा टेट्राक्लोरोइथिलीनचा. धंद्यातले लोक त्याला नुसते ‘पर्क’ म्हणतात. तेलकट डाग काढण्यात ते पटाईत. पण जमिनीवर सांडले की संकट. पाण्याहून सुमारे १.६ पट जड असल्याने ते पेट्रोलसारखे भूजलावर तरंगत नाही. वाट मिळेल तसे खाली उतरते, खडकाच्या भेगांत दडून बसते आणि वर्षानुवर्षे थोडेथोडे विरघळत राहते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. या हिशेबाने दहा हजार लिटरचा टँकर बाद व्हायला एक थेंब पुरतो.

असे पाणी वर उपसून शुद्ध करता येते, पण तळाशी दडलेला साठा झिरपतच राहतो आणि पंप दशकानुदशके चालवावे लागतात. म्हणून जिवाणूंकडे वळावे लागले.

पर्कच्या रेणूत क्लोरीनचे चार अणू असतात. ऑक्सिजन नसलेल्या भूजलात काही जिवाणू ते एकेक करून काढतात आणि जागी हायड्रोजन बसवतात. पहिले दोन निघतात, तिथे बहुतेकांची मजल संपते. गाडी आणखी एक पायरी पुढे जाऊन अडली तर स्थिती अधिक वाईट, कारण एक क्लोरीन उरलेला व्हिनाइल क्लोराइड माणसात निश्चितपणे कर्करोग घडवतो. अर्धवट सफाई ही इथे सफाई न करण्याहून घातक ठरू शकते.

शेवटपर्यंत पोचणारा जिवाणू सापडला तो सांडपाण्यात! न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावच्या सांडपाणी प्रकल्पातल्या गाळातून कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी तो वेगळा केला आणि १९९७ साली जाहीर केला. त्याच्या प्रजातीचे नाव डीहॅलोकोकॉइडीस. पुढे २०१३ मध्ये पर्यावरण अभियंते पेरी मॅकार्टी यांच्या नावावरून त्याच्या जातीला ‘मॅकार्टी’ म्हटले गेले. आपण ऑक्सिजनवर श्वास घेतो, तसा हा क्लोरीनयुक्त संयुगांवर घेतो. त्याला दुसरा श्वासच येत नाही. ऑक्सिजन तर त्याला मारक. चारही क्लोरीन गेल्यावर उरते ते इथिलीन, म्हणजे आढीत आंबे पिकवणारा तोच वायू.

एवढा पराक्रमी, पण एकट्याने जगणे त्याला जमत नाही. त्याच्या विकरांना ब-१२ जीवनसत्त्व लागते, ते त्याला स्वतः बनवता येत नाही. हायड्रोजनही शेजाऱ्यांनीच पुरवायचा. म्हणून अभियंते जमिनीत मळी, लॅक्टेट किंवा सोयाबीन तेलाचे पायस सोडतात. इतर जिवाणू ते आंबवतात, उरलासुरला ऑक्सिजन संपवतात आणि हायड्रोजन तयार करतात. खायला घालायचे गावाला, काम करून घ्यायचे एका पाहुण्याकडून, असा हा प्रकार.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या केली हवाई तळावर याची परीक्षा झाली. नुसते मेथेनॉल आणि अ‍ॅसिटेट दिल्यावर गाडी दोन क्लोरीनवर अडली. मग हा जिवाणू असलेले ‘केबी-१’ नावाचे मिश्र विरजण, अवघे १३ लिटर, जमिनीखाली सोडले. २०० दिवसांच्या आतच चाचणीच्या पट्ट्यात पर्क आणि त्याच्या पुढच्या दोन पायऱ्यांचे प्रमाण लिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेले आणि जागी इथिलीन आढळले. २००२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आता असे विरजण हवाबंद पिंपांतून विकत मिळते.

तरी जिथे तिथे ते ओतायचे नसते. ऑक्सिजन संपलेल्या पाण्यात खडकातले लोह, मँगेनीज आणि कधी आर्सेनिकही सुटू लागते. त्यामुळे काम चालू असेपर्यंत भोवतालच्या विहिरींचे पाणी केवळ पर्कसाठी नव्हे, तर या धातूंसाठीही तपासत राहावे लागते.