खुर्ची उलटी करून पाहावी

१७९० साली टिपूविरुद्धचा तह करायला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुण्याच्या दरबारात आला. जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनिएलने पुढे १८०५ मध्ये या प्रसंगाचं मोठं तैलचित्र केलं. सवाई माधवराव गादीवर आहेत आणि साहेबमंडळी दरबारी रीतीप्रमाणे खाली बसली आहेत. पुणं अजून पेशव्यांचं होतं, तेव्हा बसायची पद्धतही पेशव्यांची.

मराठी घराला बसण्याच्या सोयी कधी कमी नव्हत्या. जेवायला पाट, पूजेला चौरंग, पाहुण्याला गादी-तक्क्या, दुपारी झोपाळा. या घरात खुर्ची बऱ्याच उशिरा आली आणि क्वचितच ती घरासाठी म्हणून घडवलेली होती. कचेरी, कोर्ट, शाळा, रेल्वेचं प्रतीक्षालय, डाक बंगला, चर्च, इराण्याचं हॉटेल, अशा कुठल्या तरी ठिकाणी एक नोकरी करून ती घरी आली. म्हणून जुनी खुर्ची निवडताना ती किती वर्षांची, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की तिने आयुष्यभर काम कसलं केलं. ज्या कामासाठी ती बांधली गेली तेच काम ती घरातही नीट करते. दुसरं काम दिलं की ती कुरकुरायला लागते.

रायपूर आणि भिलाई यांच्या मधलं, खारून नदीजवळचं कुम्हारी घ्या. हे गाव हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावर आहे. नागपुराकडून छत्तीसगडात येणारी मीटरगेज रेल्वे १८८०च्या दशकाच्या सुरुवातीची. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेतली, रुंद केली आणि पूर्वेकडे वाढवली. त्याआधी १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता, त्यामुळे रायपुरात मराठी घरं जुनी आहेत. भिलाईची गोष्ट निराळी. पोलाद कारखान्याचा सोव्हिएत रशियाशी करार १९५५ मधला आणि पहिली झोतभट्टी पेटली १९५९ मध्ये. वसाहत त्याच काळातली. तेव्हा विदर्भातून कारखान्याच्या नोकरीसाठी आलेल्या कुटुंबाच्या दिवाणखान्यात शंभर वर्षांची खुर्ची दिसली, तर ती नक्कीच बाहेरून आलेली आहे. कुठून, ते विचारायला संकोच वाटू नये.

सरकारी खुर्चीला तर विचारावंही लागत नाही, ती स्वतःच सांगते. पाठीमागे किंवा बैठकीखाली रंगाने घातलेला डेडस्टॉक नंबर असतो. कार्यालयातली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढते आणि निकामी ठरली की तिचं निर्लेखन होतं. बोलीत, ती कंडम होते. मग लिलाव, मग भंगारवाला. बरेच लोक पॉलिशवाल्याला सांगून पहिल्याच दिवशी तो नंबर घासून टाकतात. हा शुद्ध करंटेपणा. खुर्चीच्या जन्माचा एवढा एकच दाखला असतो.

या नंबरांची किंमत काय होऊ शकते ते चंदीगडने दाखवलं. ले कॉर्ब्युझिएचा चुलत भाऊ पिएर झानरे १९५१ ते १९६५ या काळात तिथे होता. युली चौधरींसारख्या भारतीय सहकाऱ्यांसोबत त्याने नव्या शहराच्या कचेऱ्या, ग्रंथालयं आणि विद्यापीठासाठी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या आखल्या. इंग्रजी व्ही अक्षर उलटं ठेवावं तसे त्यांचे पाय. अर्धशतकभर कारकून त्यांच्यावर बसले. मोडल्या की गच्चीवर रचून ठेवल्या गेल्या आणि लिलावात भंगाराच्या भावाने गेल्या. घेणाऱ्यांत परदेशी व्यापारी होते. त्याच खुर्च्या युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत लाखो रुपयांना जाऊ लागल्या तेव्हा सगळे जागे झाले. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा फर्निचरच्या विक्रीवर आणि निर्यातीवर निर्बंध घातले. शहराच्या यादीत अशा १२,७९३ वस्तू मोजल्या गेल्या. आता त्या खुर्चीच्या नकला देशभर होतात आणि नकलांवरही पांढऱ्या रंगात खात्याचं नाव आणि नंबर असतो. नक्कल म्हणून, नकलेच्या भावाने घेतली तर ती वाईट नाही. सागवान चांगलं असेल तर बसायला उत्तमच. फक्त तो रंगवलेला नंबर वाचून पाकीट उघडू नये.

मुंबई-पुण्याच्या मराठी माणसाला मात्र जुनी खुर्ची म्हटलं की इराणी आठवतो. संगमरवरी टेबल, आरसे आणि वाकवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची काळपट खुर्ची. धोबीतलावची क्यानी १९०४ची, ग्रँट रोडचा मेरवान १९१४चा, बॅलार्ड इस्टेटची ब्रिटानिया १९२३ची, फोर्टातला कॅफे मिलिटरी १९३३चा, पुण्याचं गुडलक १९३५चं. या घराण्याच्या खुर्चीचा मूळपुरुष मिखाएल टोनेट, जन्म १७९६, ऱ्हाइनकाठच्या बोपार्डचा सुतार, पुढे व्हिएन्नात स्थायिक झालेला. बीच जातीच्या लाकडाचे दांडे वाफेवर मऊ करायचे, बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी बांधायची म्हणजे तंतू तुटत नाहीत, मग बिडाच्या साच्यात वाकवून सुकवायचे. १८५९च्या त्याच्या १४ क्रमांकाच्या खुर्चीत लाकडाचे तुकडे सहा, स्क्रू दहा आणि नट दोन. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. बोटीने जगभर जाण्याचं रहस्य त्या खोक्यात होतं.

१८६९ मध्ये टोनेटचं पेटंट संपलं आणि याकोब व योसेफ कोन यांच्यासारखे प्रतिस्पर्धी मैदानात उतरले. टोनेट आणि कोन या दोघांचेही कारखाने आजच्या पोलंडमधल्या रादोम्स्कोला होते. मुंबईत या खुर्च्यांना ‘पोलिश’ म्हणण्याची जी पद्धत आहे, तिला एवढा आधार पुरेसा आहे.

आता हॉटेलवाल्याच्या बाजूने पाहा. त्याला अशी खुर्ची हवी होती जी दिवसाला पन्नास गिऱ्हाइकं झेलेल, पोऱ्या एका हाताने उचलून टेबलावर उलटी ठेवू शकेल, जिच्या खालून झाडू फिरेल आणि जिच्यावर माणूस एका चहावर तासभर रेंगाळणार नाही. शेवटची अट इराण्याच्या गिऱ्हाइकांनी कधी पाळली नाही, पण खुर्चीने तिची बाजू सांभाळली. म्हणून ही खुर्ची जेवणाच्या टेबलापाशी किंवा अभ्यासाला सरस. टीव्हीसमोर तीन तास बसायला घेतली तर कंबर तक्रार करणारच.

घेताना ती उलटी करावी. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कारखान्याचं नाव ठोकलेलं किंवा कागदी लेबलाचा उरलेला तुकडा सापडतो. पाठीची कमान आणि मागचे दोन्ही पाय मिळून एकच सलग दांडा असतो. बैठकीला तो जिथे टेकतो तिथे तडा नाही ना, हे नखाने चाचपावं, कारण ही खुर्ची मोडते ती तिथेच. स्क्रू ढिले असतील तर घाबरायचं कारण नाही, ते आवळण्यासाठीच आहेत. बैठक प्लायची निघाली म्हणून लगेच नाकारू नये. दाबाने नक्षी उठवलेल्या किंवा भोकं पाडलेल्या लाकडी बैठका कारखान्यातूनही येत असत. धोका आहे तो किडीचा. बीच हे सागवानासारखं तेलकट लाकूड नव्हे, पोखरणाऱ्या किड्यांना ते आवडतं. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली ताजा, पिठासारखा भुगा दिसला तर ती खुर्ची घरात आणू नये. जुनी, कोरडी भोकं चालतात.

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात, मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘ओरिजिनल बर्मा टीक है.’ ब्रह्मदेशातून एवढं सागवान खरोखर आलं असतं तर तिथे एक झाड उरलं नसतं. विदर्भ-छत्तीसगडच्या ग्राहकाला तर ब्रह्मदेशापर्यंत जायची गरजच नाही. बल्लारशाचं सागवान, लाकूडवाल्यांच्या भाषेत सीपी टीक, आजही नावाजलेलं आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तिथूनच लाकूड गेलं.

लाकडाची खात्री बैठकीच्या खाली होते, जिथे पॉलिशवाल्याचा हात पोचलेला नसतो. काळा रंग चढवून साध्या लाकडाचं शिसव करणं ही जुनी विद्या आहे. स्क्रूच्या भोकात डोकावलं की पितळ उघडं पडतं. स्क्रूही बोलतात. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू हा १९३०च्या दशकातला शोध. ‘व्हिक्टोरियन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खुर्चीत तो दिसला, तर खुर्ची नवी तरी आहे किंवा दुरुस्त तरी. सांध्यातून पांढरा, कडक गोंद ओघळलेला असेल तर तो फेव्हिकॉलच्या जमान्यातला, म्हणजे १९५९ नंतरचा. जुने सुतार सरस वापरत. सरसाचा सांधा गरम पाण्याने सुटतो आणि पुन्हा जोडता येतो. ही मोठी सोय आहे.

वेताचंही तसंच. चौकटीच्या कडेने ओळीने आरपार भोकं असतील तर विणकाम हाताचं. भोकांऐवजी सलग खाच आणि तीत ठोकलेली वेताची पट्टी असेल तर तयार विणलेली जाळी बसवलेली आहे. हाताने वेत विणणारा आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात आहे का, याची चौकशी खुर्ची घेण्याआधी करावी, नंतर नव्हे. दमट मुंबईतून आणलेली खुर्ची कुम्हारीच्या मे महिन्यात कोरडी पडते, सांधे आकसतात, वेत तडकतो. अधूनमधून बैठकीच्या खालच्या अंगाने ओल्या फडक्याने वेत दमट केला की वाळताना तो पुन्हा ताणला जातो. पॉलिशच्या बाबतीत मात्र कुम्हारीकर नशीबवान. जुन्या खुर्चीवरचं पॉलिश बहुधा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचं, म्हणजे लाखेचं असतं आणि लाखेच्या उत्पादनात झारखंडाच्या बरोबरीने छत्तीसगडचं नाव घेतलं जातं. कुसुम, पळस आणि बोरीवर ती पोसली जाते. आडोशाच्या जागी स्पिरिटचा थेंब लावून पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचं. अशा खुर्चीवर मेलामाइन फवारू नये.

लांब हातांची आरामखुर्ची, गोव्यात जिला व्होल्तेर म्हणतात, ती बहुतेकांचं मन जिंकते आणि बहुतेकांच्या घरात मावत नाही. ती व्हरांड्यासाठी जन्मली. दौऱ्यावरून आलेल्या साहेबाने बूट काढवून घ्यायला पाय त्या हातांवर टाकायचे, ही तिची नोकरी. फ्लॅटच्या हॉलमध्ये ती सगळ्यांची नडगी फोडते. चांदरच्या ब्रागांझा वाड्यात पोर्तुगालच्या राजा दों लुईशने दिलेल्या उंच पाठीच्या दोन खुर्च्या आहेत. त्या पाहायच्या असतात. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या कोरीव शिसवी खुर्च्याही त्याच जातीच्या. पाठीवर वेलबुट्टी एवढी की टेकणाऱ्याच्या बरगड्यांवर तिचे ठसे उठावेत. पारशी वाड्यांतून त्या अजून निघतात आणि दिसतात भव्य, पण रोज बसण्यासाठी त्या घेऊ नयेत.

टेप मात्र खिशात हवी. जेवणाच्या टेबलाला साधारण १७-१८ इंच उंचीची बैठक लागते. डाक बंगल्याच्या खुर्च्या पुष्कळदा १५ इंचांच्या निघतात. फरशी धुऊन धुऊन पाय कुजले, की कुजका भाग कापून टाकायची पद्धत होती.

राहता राहिला कायदा. १९७२च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. ‘व्हिंटेज’ला कायद्यात अर्थ नाही, तो दुकानदाराचा शब्द. चंदीगडच्या खुर्च्या शंभरीच्या आतल्या होत्या म्हणूनच त्या या कायद्यातून सुटल्या. इराण्याच्या खुर्च्यांची आता शंभरी भरत चालली आहे. १९०४ची असेल तर अडकेल, १९३३ची अजून सुटेल. न्यू जर्सीतल्या लेकीला आजोबांची खुर्ची पाठवायची असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्यावा. खुर्ची शिसवी असेल तर आणखी एक खिडकी आहे. २०१७ पासून शिसवाची प्रजाती वन्य जीव-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ मध्ये भारताच्या मागणीवरून प्रत्येक वस्तूमागे दहा किलोपर्यंत शिसवाला सूट मिळाली. कोरीव शिसवी खुर्ची या मर्यादेत बसते का, हे ठरवायला ती आधी वजनकाट्यावर ठेवावी लागते.