प्रवासाचा संगणक आणि घरचा संगणक : मर्यादित खर्चातील निवड

मार्च महिना उजाडला की ग्रामपंचायतीच्या दप्तराला उसंत नसते. दोन गावांचा कार्यभार असलेला ग्रामपंचायत अधिकारी सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी आणि सायंकाळी पंचायत समितीत असतो. देयके ई-ग्रामस्वराज प्रणालीतून अदा करावयाची असतात आणि त्यासाठी सरपंचांची व त्याची स्वतःची अशा दोन डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. नेमक्या त्याच घडीला पिशवीतील जुना लॅपटॉप सुरू व्हावयासच दहा मिनिटे घेतो. घरी मुलगी बारावीला. तिलाही अभ्यासासाठी तेच यंत्र हवे असते. अशा कुटुंबाने काटकसरीने ६०,००० रुपये बाजूस काढले, तर ते एका उत्तम लॅपटॉपवर खर्चावेत की घरासाठी एक व प्रवासासाठी एक अशी दोन साधी यंत्रे घ्यावीत, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. एकदा चुकलेली खरेदी पाच वर्षे निस्तरावी लागते.

दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी घरातील जुन्या यंत्राची विचारपूस करावी. सुमारे २०१८ पूर्वीच्या पुष्कळशा लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. यंत्र मंद होण्याचे मुख्य कारण बहुधा तीच असते. तिच्या जागी एसएसडी बसविल्यास तेच यंत्र मिनिटाच्या आत सुरू होऊ लागते. हा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या मानाने अगदी अल्प असतो. जुन्या यंत्राने असे एखादे काम अंगावर घेतले, तर ६०,००० रुपयांचा हिशेबच बदलतो.

मात्र येथे एक अडचण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची सुरक्षाविषयक सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. वेगळी नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत दिली. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते. इंटेलच्या प्रोसेसरांपैकी साधारणपणे २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून पुढचेच तीत अधिकृतपणे चालतात. वापरलेले संगणक विकणाऱ्या दुकानांत गिऱ्हाईक फसते ते नेमके येथे. ‘आय-७ आहे, आय-५ पेक्षा वरचा’ असे सांगून २०१३-१४ सालचे यंत्र गळ्यात मारले जाते. आय-७ हे केवळ श्रेणीचे नाव होय. त्यापुढील अंक पाहावयास हवा. ‘आय-५ ८२५०यू’ यातील पहिला ८ म्हणजे आठवी पिढी आणि ‘आय-७ ४६००यू’ यातील ४ म्हणजे चौथी पिढी. आठव्या पिढीचा आय-५ हा चौथ्या पिढीच्या आय-७ पेक्षा सरस ठरतो, आणि विंडोज ११ वर अधिकृतपणे चालतो तो हाच.

आता पैशांच्या वाटपाविषयी. सर्वसाधारण कल असा दिसतो की प्रवासाचे यंत्र चारचौघांत दिसते म्हणून त्यावर अधिक खर्च करावयाचा आणि घरच्या यंत्राचे जे होईल ते होवो. वस्तुतः उलट करणे शहाणपणाचे ठरते. एसटीच्या धक्क्यात आदळणारे, पावसात भिजणारे, विसरले अथवा चोरीस जाण्याचा संभव असणारे यंत्र हे प्रवासाचेच असते. ते हलके व पुरेसे असावे, महागडे असण्याची गरज नाही. एखाद्या बड्या कार्यालयातून निघालेला, आठव्या अथवा पुढच्या पिढीचा, १४ इंची, दीड किलोच्या आसपास वजनाचा वापरलेला लॅपटॉप या कामी चांगला असतो. कार्यालयांसाठी बनविलेल्या अशा यंत्रांची बांधणी त्याच किमतीतल्या नव्या लॅपटॉपपेक्षा बहुधा मजबूत असते.

घेताना चार गोष्टी समोर बसून पाहाव्यात. रॅम ८ जीबी तरी असावी. पातळ यंत्रांत ती मुख्य पट्टीवरच जोडलेली असते व पुढे वाढविता येत नाही. साठवण एसएसडीची व किमान २५६ जीबी असावी. नव्या अतिस्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ जीबीची ‘ईएमएमसी’ साठवण असते, ती प्रणालीच्या सुधारणांनीच भरून जाते. अशी यंत्रे नवी असूनही टाळलेली बरी. पडदा १९२० × १०८० बिंदूंचा असावा. अन्यथा हिशेबाच्या तक्त्याचे निम्मे रकाने पडद्याबाहेर राहतात. चौथी गोष्ट बॅटरी. ४२ वॉट-तासांची बॅटरी ८ वॉटच्या साध्या कामास सुमारे पाच तास पुरते, पण जुनी झाल्यावर तिची धारणा साठ टक्क्यांवर आली असेल तर तीन तासच. मूळ धारणा व आजची धारणा विंडोजच्या बॅटरी-अहवालात दिसते. तो दाखविण्यास दुकानदार टाळाटाळ करीत असेल तर दुसरे दुकान गाठावे.

पंचायतीच्या कामासाठी आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगलसाठी नेहमीच्या आकाराचे यूएसबीचे भोक लागते. काही नव्या लॅपटॉपमध्ये केवळ टाइप-सी असते. शिवाय बहुतेक डोंगलची आज्ञावली विंडोजसाठी बनविलेली असल्याने क्रोमबुक स्वस्त व हलके असले तरी देयकांच्या कामी येत नाही. शिक्षकांच्या बाबतीत मात्र ही अट लागू होत नाही. ज्यांचे बहुतेक काम इंटरनेटवरून चालते, त्यांनी क्रोमबुकचा विचार अवश्य करावा.

घरच्या यंत्रासाठी टेबलावरचा डेस्कटॉप हा अजूनही सर्वांत किफायतशीर प्रकार होय. त्याच पैशांत अधिक शक्ती मिळते, सुटे भाग बदलता येतात, मोठ्या पडद्यामुळे विद्यार्थ्यांच्या मानेला व डोळ्यांना त्रास कमी होतो. परंतु वीज खंडित होणाऱ्या गावांत युपीएसचा खर्च त्यात धरलाच पाहिजे. ६०० व्हीएचा युपीएस डेस्कटॉपला साधारणपणे १० ते १५ मिनिटे चालवितो, म्हणजे काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरता वेळ देतो; त्याची बॅटरीही दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. जेथे रोज चार-चार तास वीज नसते, तेथे डेस्कटॉपचा आग्रह धरू नये. अशा घरात एकच चांगला लॅपटॉप घेऊन टेबलावर २२ इंची मॉनिटर, वेगळा की-बोर्ड व माउस जोडावा. दिवसा तो प्रवासाचा संगणक, रात्री घरचा. अडचण एवढीच की वडील दौऱ्यावर असताना मुलीचे हात रिकामे राहतात. तेव्हा एसएसडी बसविलेला जुना लॅपटॉप तिच्या उपयोगी पडतो. तो विंडोज ११ ला अपात्र असला तरी त्यावर उबुंटू अथवा सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली विनामूल्य बसविता येते. वाचन, व्हिडिओ आणि लेखन यांना तेवढे पुरते.

दोन यंत्रे बाळगणाऱ्यास मराठीचा प्रश्न हमखास छळतो. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला ठराव दुसऱ्या यंत्रावर उघडला की अक्षरांचा खिचडा होतो. युनिकोड व इन्स्क्रिप्ट कळफलक वापरल्यास हा त्रास उरत नाही. विंडोज व लिनक्स या दोहोंत ही सोय मुळातच असते, तिच्यासाठी निराळा पैसा पडत नाही. जुन्या फाँटची सवय मोडावयास काही आठवडे जातात हे खरे.

प्रवासाच्या यंत्रात लाभार्थ्यांची आधार क्रमांक, बँक खाती अशी माहिती असेल, तर यंत्र हरविण्याचे नुकसान केवळ त्याच्या किमतीपुरते राहत नाही. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने अशा माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी ती हाताळणाऱ्यांवर टाकली आहे. यासाठी डिस्कचे कूटलेखन चालू ठेवावे. विंडोज त्याकरिता ४८ अंकी पुनर्प्राप्ती-क्रमांक देते. तो वहीत उतरवून घरच्या कपाटात ठेवावा, लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे. कामाच्या फाइलींची प्रत दर आठवड्यास घरच्या यंत्रावर व एका बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावी. ही हार्ड डिस्क खरेदीच्या यादीत पहिल्यापासून धरावी, कारण पैसे संपत आले की यादीतून प्रथम तीच गळते.