लिनक्सकडून काढून घेतलेला कोर

अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर वाशिम सोडले की पुढचा जिल्हा हिंगोली. तिथे औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल 2023मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. या लहरींवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. पण अशा वेधशाळेत काचेच्या धाग्यांवर टांगलेले 40 किलोचे आरसे जागच्या जागी कोण धरून ठेवते, ही गोष्ट बहुतेकदा राहूनच जाते.

ते काम लिनक्स चालवणाऱ्या संगणकांचे!

इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला हे खटकेल. लिनक्स प्रत्येक प्रोग्रामला थोडा थोडा वेळ वाटून देते. नेटवर्कवरून काही आले की हातातले काम थांबते. म्हणून वेळेचे काम मायक्रोकंट्रोलरला द्यायचे, आणि तोही अपुरा पडला तर एफपीजीएला. एफपीजीएत सूचना एकामागून एक वाचल्या जात नाहीत, आतले सर्किटच हव्या त्या गणिताप्रमाणे जोडून घेता येते.

अमेरिकेतल्या लायगोसाठी कॅलटेकचे रॉल्फ बोर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. प्रोसेसरचा एक कोर बंद झाला, असे लिनक्सला सांगायचे आणि त्यावर नियंत्रणाचा एकच प्रोग्राम अखंड फिरवायचा. सेन्सर वाचणे, गणित करणे, आरशाला सावरणे, हे सारे सेकंदाला 16,384 वेळा! एका फेरीला मिळतात जेमतेम 61 मायक्रोसेकंद. शिवाय गणिताची मांडणी बदलली तर प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला की झाले. मोठ्या एफपीजीए डिझाइनला त्यासाठी तासन्‌तास लागू शकतात. संशोधक रोज काहीतरी बदलून पाहतात, तिथे ही सोय फार मोलाची.

घड्याळ मात्र एफपीजीएच्या हाती. जीपीएसशी जुळवलेली वेळ फायबरमधून सगळीकडे पोचते आणि चूक एका मायक्रोसेकंदाच्या आत राहते.

थोडक्यात, ज्या त्या कामाचे साधन वेगळे. त्यामुळे ‘एफपीजीए आला, मायक्रोकंट्रोलर संपला’ अशा जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. एखाद्या विद्यार्थ्याला पंपाची मोटर चालवायची असेल, तर काहीशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर पुरतो.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण हे दुसरे टोक. 30 अँटेना, प्रत्येकीचे दोन संकेत, आणि नव्या रुंद वारंवारता-पट्ट्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला 80 कोटी नमुने. दोन नमुन्यांमध्ये अंतर सव्वा नॅनोसेकंदाचे. तिथे एफपीजीएला पर्याय नव्हता. एफपीजीएच्याच बोर्डवरच्या छोट्या पॉवरपीसी चिपवर लिनक्स चालते. ते एफपीजीएत डिझाइन भरते, त्यावर लक्ष ठेवते, आणि नमुन्यांच्या वाटेत येत नाही.