आजीच्या गाठोड्यातले राणीछाप रुपये

समजा, भोरशेजारच्या उत्रोलीत एखाद्या घरी फडताळाच्या तळाशी आजीच्या लुगड्यात बांधलेले बारा रुपये निघाले. काळे पडलेले, पण वाजवले तर खणखणीत. दुसऱ्या दिवशी दारावर एकजण येतो नि म्हणतो, "जुनं नाणं आहे, नगाला तीनशे देतो." इकडे भाचा मोबाईलवर दाखवतो, की असल्याच एका रुपयाला लाखो मिळतात. आता खरे कोणाचे धरायचे? मंडळी, दोघांचेही नाही.

नाण्याला किमती दोन. एक चांदीची, दुसरी हौशी संग्राहकाची.

आधी चांदी पाहू. १८३५ साली कंपनी सरकारने साऱ्या मुलखासाठी एका वजनाचा रुपया पाडायला घेतला. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे निव्वळ चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सगळ्यांच्या रुपयांत हेच प्रमाण होते. तेव्हा चांदीचा भाव किलोला एक लाख धरला, तरी एका रुपयात हजाराच्या वर चांदी आहे. झिजलेल्या नाण्यात थोडी कमी. त्या दिवशीचा भाव विचारा आणि हिशेब शाळेतल्या मुलाकडून करून घ्या.

पण साल वाचल्याशिवाय हिशेब करू नका. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, रुपयात चांदी निम्मीच राहिली. उरलेले तांबे, निकेल आणि जस्त. वजन मात्र तेच, म्हणून हाताला फरक कळत नाही. आणि वाघाचे चित्र असलेला १९४७ चा रुपया तर शुद्ध निकेलचा, त्याला लोहचुंबक चिकटतो. चांदीला चिकटत नाही.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी आटली, की सरकारने १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली. लोक नोट घेऊन येत आणि रोख चांदी मागत. तेव्हा अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला, आपल्या तिजोरीतले सुमारे २६ कोटी चांदीचे डॉलर तिथेच वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानासाठी विकली. एका डॉलरच्या चांदीत आपले सव्वादोन रुपये होतात. तुमच्या गाठोड्यात १९१८ ते १९२० सालचा रुपया असेल, तर त्यात कुण्या अमेरिकन डॉलरचा अंश असू शकेल.

आता हौशीची किंमत. ती वयावर नसते, दुर्मीळपणावर असते. राणीचे रुपये कोट्यवधी पडले, म्हणून बहुतेकांना चांदीहून फार जास्त मिळत नाही. १९११ सालच्या रुपयावर जॉर्ज राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. पुष्कळ नाणी परत घेऊन वितळवली गेली, म्हणून उरलेल्यांना मागणी आहे. १९३९ चा मुंबई टांकसाळीचा रुपयाही दुर्मीळ. नाणे न झिजलेले हवे. माळेसाठी कडी डकवलेले असेल, तर ती किंमत गेली, चांदीची उरली. आणि कृपा करून लक्ष्मीपूजनाला चिंच-राखेने घासू नका! घासलेले नाणे संग्राहक हातात धरत नाही.

राम-सीतेचे चित्र आणि '१८१८' लिहिलेले "कंपनीचे नाणे" दाखवून कोणी मोठी रक्कम मागितली, तर समजा की ते कंपनीचे नव्हेच. देवस्थानी विकले जाणारे बिल्ले ते. तसेच फोनवर "रिझर्व्ह बँकेतर्फे नाणे घेतो, आधी शुल्क भरा" असे कोणी म्हटले तर एक पैसा देऊ नका. असा व्यवहार आपण करीत नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

विकायचेच असेल, तर दोन-तीन ठिकाणी वजन करून घ्या, आणि साल पाहिल्याशिवाय कोणाला आटवू देऊ नका. नांगरताना शेतात हंडा लागला, तर मात्र गोष्ट निराळी. १८७८ चा कायदा अजून आहे: दहा रुपयांवरचे पुरलेले धन सापडले, की कलेक्टरला लेखी कळवावे लागते.