मुदखेडचा गुणाकार

मुदखेड जंक्शनवरून रूळ तीन दिशांना जातात. एक फाटा नांदेडवरून मनमाडकडे, दुसरा निजामाबादवरून सिकंदराबादकडे, तिसरा किनवटवरून आदिलाबादकडे. मुंबईहून निघालेल्या देवगिरी आणि नंदीग्राम एक्स्प्रेस इथवर एकाच वाटेनं येतात आणि इथून वेगळ्या होतात. निजामाच्या राज्यात 1899 ते 1901 या काळात हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली, म्हणजे आगगाडीशी या गावाचा सव्वाशे वर्षांचा शेजार. एवढं ऐकून बाहेरच्या माणसाला वाटावं, की इथं केवढी बाजारपेठ फुलली असेल. मराठवाड्यातला माणूस यावर नुसता हसेल. गाड्या आल्या आणि गेल्या; मुदखेड बराच काळ गाडी बदलायचं ठिकाण म्हणूनच लोकांना माहीत राहिलं.

मग गाव पुढं जातं तरी कशानं? पारावर विचारा, प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. कुणी म्हणेल पाणी, कुणी रस्ता, कुणी शाळा, कुणी साखर कारखाना, कुणी खमका सरपंच. गंमत म्हणजे यातलं कुणीच खोटं बोलत नसतं. अडचण वेगळीच आहे. ज्या गावाला पक्का रस्ता आहे ते सधन दिसतं. पण रस्त्यामुळं सधनता आली, की सधन गावाचा वट होता म्हणून रस्ता आला? हे ठरवायचं तर तेच गाव दोनदा जगवावं लागेल, एकदा रस्त्यासह आणि एकदा रस्त्याविना. ते कुणाला जमणार?

जमलं आहे, आणि ज्या युक्त्यांनी जमलं त्या ऐकून मी तरी थक्क झालो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर 2000 मध्ये सुरू झाली. नियम असा होता, की आधी हजारावर लोकवस्तीच्या गावांना रस्ता, मग पाचशेवर वस्तीच्या गावांना. आता 490 माणसांचं गाव आणि 510 माणसांचं गाव यांत फरक तो काय? दोनचार घरांचा. माती, पाऊस, गरिबी बहुधा सारखीच. पण एक नियमात बसतं आणि दुसरं वाट बघत राहतं. सरकारनं नकळत एक प्रचंड प्रयोग मांडून ठेवला होता. सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो ओळखला. महाराष्ट्रासह सहा राज्यांतली अशी उंबरठ्यावरची गावं त्यांनी ताडून पाहिली आणि 2020 मध्ये निष्कर्ष छापला: रस्त्यामुळं ये-जा वाढली, काही माणसं शेती सोडून बाहेरच्या कामाला लागली, पण शेतीचं उत्पादन, घरचं उत्पन्न, घरातली चीजवस्तू यांत म्हणावा असा फरक पडला नाही. उद्घाटनाच्या भाषणांत जे सांगतात, त्यातलं फारच थोडं झालं.

दुसरी युक्ती आपल्या तहसील कार्यालयात दर पाच वर्षांनी डोळ्यांसमोर घडते. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत. एखाद्या लहान मुलाला पुढं बोलावतात, तो बरणीत हात घालतो, चिठ्ठी निघते. कुणाचा हिरमोड होतो, कुणी गुलाल आणायला पळतो. संशोधकाला मात्र त्या बरणीत सोनं दिसतं, कारण कोणत्या गावाला महिला सरपंच मिळणार हे गावाच्या गुणावगुणांवर न ठरता नशिबावर ठरतं. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी आरक्षित व अनारक्षित ग्रामपंचायतींची तुलना केली. बाई प्रमुख असलेल्या पंचायतींत दोन्हीकडे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं आढळलं. बंगालात रस्त्यांवरही जास्त झालं, राजस्थानात मात्र कमी. कारण तिथल्या बायकांची तक्रार रस्त्यांची नव्हती, पाण्याची होती. हे 2004 मध्ये प्रसिद्ध झालं.

आणि रेल्वे? इथली युक्ती मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्या मुळाशी मीठ आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रत्येक प्रकारचं मीठ मोजक्याच ठिकाणी पिकायचं. त्यामुळं आगरातला भाव आणि दूरच्या बाजारातला भाव यांतला फरक म्हणजे जवळजवळ निव्वळ वाहतुकीचा खर्च. अर्थशास्त्रज्ञ डेव्ह डोनाल्डसन यांनी जुन्या दप्तरांतले मिठाचे भाव लावून रेल्वेनं तो खर्च किती उतरवला हे काढलं, आणि मग जिल्ह्याजिल्ह्याचं शेती-उत्पन्न पाहिलं. रेल्वे पोचली तिथं ते सुमारे 16 टक्क्यांनी वाढलं होतं. पण आधीच भरभराटीला लागलेल्या मुलखांतच इंग्रजांनी रूळ टाकले असतील तर? यासाठी त्यांनी कागदावर आखलेले पण कधीच न झालेले मार्ग शोधले. त्या जिल्ह्यांत अशी वाढ दिसली नाही. न झालेली रेल्वेसुद्धा साक्षीला उभी करता येते, हे कुणाला सुचावं!

म्हणजे रेल्वेनं फरक पडतो. मग मुदखेडला काय झालं?

एक तर इथली रेल्वे मीटरगेज होती. मनमाडला ब्रॉडगेज, सिकंदराबादेतून पुढं वाडीकडेही ब्रॉडगेज; मधला मराठवाड्यातून जाणारा मार्ग अरुंद रुळांवर. मनमाडच्या पुढं जाणारा माल उतरवा, दुसऱ्या डब्यांत चढवा, हमाली द्या, वेळ घालवा. मनमाड–औरंगाबाद रुंदीकरण व्हायला 1992 उजाडावं लागलं आणि तेही गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या नेत्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केल्यावर. दुसरं म्हणजे कोरडवाहू शेतीला रूळ मिळाले तरी त्यांवरून पाठवायचं काय? सोबत पाणी हवं. आणि पाणी म्हटलं की वीज हवी, भांडवल हवं.

हे सगळं एकत्र आल्यावर काय होतं, ते मुदखेडच्या फुलांत दिसतं. इसापूर धरणाचं, म्हणजे ऊर्ध्व पैनगंगेचं पाणी कालव्यानं अर्धापूर–मुदखेड पट्ट्यात आलं आणि विहिरींनाही पाझर फुटला. केळी, ऊस, हळद यांच्या जोडीला मुदखेड तालुक्यात फुलशेती रुजली: गुलाब, मोगरा, काकडा, गलांडा. आता या धंद्याचं वेळापत्रक पाहा. पहाटे बायका फुलं तोडतात. ताजी असतानाच ती वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या नांदेडच्या बाजारात पोचली तर भाव, दुपार झाली की उकिरडा. श्रावण, दसरा-दिवाळी, लग्नसराई यांच्यावर नजर ठेवून लागवड करावी लागते. पाणी, पंपाला वेळेवर वीज, तोडणीला हात, पहाटेची गाडी, बाजाराची जाण. यातलं एक गळालं तरी बाकीच्या चौघांची मेहनत त्या दिवसापुरती मातीत. रस्ता कितीही गुळगुळीत असो, रात्री वीज नसेल तर त्यावरून न्यायला फूलच नसतं.

अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर यांनी 1993 मध्ये नेमकी हीच गोष्ट गणितात मांडली. त्यांनी दाखला घेतला तो चॅलेंजर यानाचा: 28 जानेवारी 1986 ला ते आकाशात फुटलं, सात अंतराळवीर गेले, आणि कारण निघालं थंडीनं लवचीकपणा गमावलेलं एक रबरी कडं. हजारो भाग चोख असून उपयोग झाला नाही. क्रेमर म्हणाले, कित्येक कामांत घटकांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. पाच गोष्टी हव्यात आणि पाचही निम्म्याच आहेत असं समजा. वाटतं, फळही निम्मं मिळेल. प्रत्यक्षात ते बत्तिसावा हिस्सा येतं! त्यातली एकच गोष्ट सरकारनं पूर्ण करून दिली तर ते सोळावा हिस्सा होतं. दुप्पट झालं खरं, पण लोकांना ते जाणवतही नाही. ग्रामसडकेच्या त्या निरुत्साही निष्कर्षाचं कोडं मला तरी इथं बरंचसं सुटलेलं दिसतं.

गुणाकाराचा हा नियम सगळीकडे लागू पडतो असं नाही. शेजारच्या लातूरनं शिकवणीच्या ‘लातूर पॅटर्न’नं राज्यभरातली मुलं खेचून आणली, आणि त्याच लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. शिकवणीच्या वर्गाला कालवा लागत नाही. कोणत्या कामात कशाला कशानं गुणायचं, हे कामागणिक बदलतं.

आपलं धोरण मात्र बेरजेवर वाढलं. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीनं 1984 मध्ये सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागं आहे ते मोजलं, खड्डा भरायला लागणारे रुपये काढले आणि ते जोडले. एकूण अनुशेष आला 3186 कोटींच्या घरात, त्यात मराठवाड्याचा सुमारे 751 कोटी. त्या काळी हे मोठंच धाडस होतं. मागासलेपणाची तक्रार पहिल्यांदाच आकड्यांत मांडली गेली. पण एकाच गावात पाणी, वीज आणि रस्ता एकाच वेळी पोचतात का, हे त्या हिशेबात दिसायची सोयच नव्हती. जिल्ह्याच्या सरासरीत किनवटचा डोंगर आणि अर्धापूरची केळी एकाच ओळीत बसतात. समतोल विकासासाठी नेमलेल्या विजय केळकर समितीनं 2013 च्या अहवालात तालुक्यापर्यंत खाली उतरून पाहिलं, तो मला त्या अहवालाचा सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो.

आता मुदखेडच्या दारात नवा प्रयोग आला आहे. मुदखेड ते हैदराबादजवळच्या मेडचल या मार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑगस्ट 2023 मध्ये मंजुरी दिली. दुसरा रूळ पडल्यावर काय बदललं हे सांगायचं, तर आधी काय होतं ते लिहून ठेवलेलं हवं, आणि गावोगावची शेवटची पूर्ण मोजणी आहे 2011 च्या जनगणनेची. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तोवर या मार्गावरच्या स्थानकांच्या गावांत आणि रुळांपासून दहा-पंधरा किलोमीटर आतल्या गावांत एवढं जरी नोंदवलं, की पंपाला वीज कोणत्या वेळी येते, फुलं कोणत्या गाडीनं कुठल्या बाजारात जातात आणि देवगिरीत बसून मुंबईला गेलेल्यांपैकी कितीजण पेरणीला परत येतात, तरी एखाद्या स्थानिक महाविद्यालयातल्या मुलांना दहा वर्षांनी जगात छापण्याजोगा निबंध लिहिता येईल.