साखर उतरली की जीव का घाबरतो?

छातीत धडधड, हाताला कंप, दरदरून घाम, उगाचच वाटणारी धास्ती. ही लक्षणं चिंतेच्या झटक्याची असतात, तशीच रक्तातली साखर उतरल्याचीही. मेंदूचं मुख्य इंधन ग्लुकोज. त्याची पातळी ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाऊ लागली, की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं. यकृतातली साठवलेली साखर रक्तात आणणं हे त्याचं काम; पण भीतीच्या प्रसंगी स्रवणारं संप्रेरकही हेच. म्हणून नुसत्या लक्षणांवरून फरक कळत नाही.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना जेवण चुकल्यावर, उपवासात किंवा जास्त श्रमांनंतर असं झालं, तर लगेच ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ७०पेक्षा कमी असेल किंवा मोजायची सोय नसेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं आणि बरं वाटल्यावर जेवून घ्यावं. बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती मंदावणारी औषधं) घेणाऱ्यांना धडधड जाणवेलच असं नाही; घाम मात्र फुटतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये, तातडीने रुग्णालय गाठावं.

मधुमेह नसलेल्यांत साखर इतकी उतरणं विरळाच. वारंवार धडधड होत असेल, तर अंदाजाने गोड खात न राहता डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.