सालीसकट

ऑरेंज वाइनचा संत्र्याशी काडीचा संबंध नाही. ती पांढऱ्या द्राक्षांचीच वाइन. व्हाइट वाइन करताना द्राक्षं आली की लगेच दाबतात, चोथा बाजूला काढतात आणि नुसता रस आंबवतात. रेड वाइनचा रस मात्र साली-बियांसकट आंबतो, म्हणून तिला रंग आणि तुरटपणा येतो. रेडची ही रीत पांढऱ्या द्राक्षांना लावली की ऑरेंज वाइन तयार होते. पांढऱ्या जातींच्या सालीत लाल-जांभळं रंगद्रव्य नसतं, पण टॅनिन आणि त्याच्या जातकुळीतले इतर घटक असतात. ते रसात उतरतात, हवेशी संबंध आला की गडद होतात आणि वाइनला सोनेरीपासून कोऱ्या चहापर्यंतच्या छटा येतात. या वाइनविषयी बोलणारे बहुतेकजण मातीच्या रांजणांवर आणि रस सालींवर किती महिने राहिला यावर थांबतात. खरा प्रश्न द्राक्षाच्या जातीचा आहे. ज्या जातींचा ऐवज सालीत आहे, त्यांना व्हाइट वाइनच्या प्रचलित पद्धतीने सामान्य ठरवलं होतं. ऑरेंज वाइनने त्यांची किंमत दाखवून दिली.

इटलीच्या ईशान्य टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेला लागून ओस्लाव्हिया नावाचं छोटं गाव आहे. तिथली जुनी जात रिबोल्ला जाल्ला. तिचा रस आंबट, साल जाड, सुगंध बेताचा. स्टीलच्या टाक्यांत नुसता रस आंबवला तर हलकी, चटकन विसरली जाणारी वाइन मिळते. तिथले वाइन उत्पादक स्टांको राडिकॉन यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात हीच द्राक्षं सालीसकट आंबवायला सुरुवात केली, कारण रिबोल्लाची चव सालीत आहे असं त्यांचं मत होतं. त्यांचे गाववाले योश्को ग्राव्नर तेव्हा ओकच्या पिंपांतल्या आधुनिक व्हाइट वाइनसाठी नावाजलेले होते. तेही याच वाटेने गेले, २००० साली जॉर्जिया पाहून आले आणि २००१च्या हंगामापासून तिथले मातीचे रांजण वापरू लागले. रांजणांची गोष्ट सगळे सांगतात. माझ्या मते त्यांचा पुढचा निर्णय जास्त बोलका आहे. शार्डने, सोव्हिन्यॉं यांसारख्या जगभर खपणाऱ्या पांढऱ्या जातींच्या वेली त्यांनी काढून टाकल्या. या जाती मिसळून केलेल्या त्यांच्या वाइनचा २०१२ हा शेवटचा हंगाम. पांढऱ्यांत उरली एकटी रिबोल्ला. सगळी किमया रीतीचीच असती, तर नावाजलेल्या जाती उपटण्याचं कारण काय होतं?

जॉर्जियात सालीसकट आंबवण्याचा हा विचार कुणाला नव्याने सुचावा लागला नाही. तिथे सापडलेल्या भांड्यांच्या तुकड्यांवरचे द्राक्षाच्या वाइनचे अंश सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे निघाले. क्वेव्रीत वाइन करण्याच्या परंपरेची युनेस्कोने २०१३ साली अमूर्त वारशात नोंद केली. क्वेव्री म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, तळाशी निमुळता होत गेलेला रांजण, आतून मेणाचा हात दिलेला. धुवायला चेरीच्या झाडाच्या सालीचा कुंचा लागतो. रस आंबत असताना वर तरंगणारा सालींचा थर काठीने दिवसातून अनेकदा खाली ढकलतात. नंतर साली बसतात आणि तोंड बंद करून वसंतापर्यंत वाट पाहतात. बिया सर्वांत आधी निमुळत्या तळाशी जातात आणि त्यांच्यावर साली बसतात, त्यामुळे बियांचा कडवटपणा वाइनमध्ये फारसा येत नाही. पूर्वेकडच्या उन्हाळी, कोरड्या काखेतीत रकात्सितेली, म्त्स्वाने, किसी या जाती साली आणि पिकलेल्या देठांसकट पाच-सहा महिने ठेवतात. पश्चिमेकडच्या दमट इमेरेतीत त्सोलिकौरी, त्सित्स्का यांच्याबरोबर सालींचा थोडाच भाग घालतात, देठ घालतच नाहीत. रांजण तोच, पण जात आणि हवा बदलली की सालींचं प्रमाणही बदलतं.

सालींवर इतका काळ राहिलं की सगळ्या वाइन सारख्याच लागतात, सुकी फळं, मध, चहा आणि तुरटपणा, असा आक्षेप नेहमी येतो. त्यात तथ्य आहे. कमअस्सल ऑरेंज वाइन खरोखरच एकसारख्या लागतात, आणि व्हिनेगरसारखा वास आला तरी ‘हे नैसर्गिकच आहे’ म्हणून तो खपवला जातो. दोष तो दोषच; टॅनिनमुळे वाइन हवेपुढे जास्त तग धरते म्हणून बेफिकिरी माफ होत नाही. पण जाती शेजारी ठेवून पाहिल्या तर एकसारखेपणाचा आरोप टिकत नाही. गेवुर्त्सट्रामिनर आणि मस्कत यांचा सुगंध सालीत ठासून भरलेला असतो. त्यांना थोडे दिवसही पुरतात, जास्त ठेवलं तर अत्तर आणि कडवटपणा यांची भांडणं लागतात. मला तरी या वाइन एका पेल्यापुढे जड वाटतात. पिनो ग्रिजोची साल मुळातच करडी-गुलाबी. तिच्यावर रस काही तासच ठेवून तांब्याच्या रंगाची ‘रामातो’ वाइन करण्याची इटलीत जुनी चाल होती. १९६१ साली सांता मार्गेरिता कंपनीने याच द्राक्षाची रंगहीन वाइन काढली, ती जगभर खपली आणि या द्राक्षाला रंग आहे हेच लोक विसरले.

सालीला इतकं महत्त्व देणं नाशिकच्या बागायतदाराला उलटं वाटेल. खाण्याच्या थॉम्पसन जातीचे घड जिबरेलिक ॲसिडच्या (जीए) द्रावणात बुडवून मणी फुगवतात, कारण गिऱ्हाइकाला मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा मणी हवा असतो. मणी जितका मोठा तितकं रसाच्या मानाने सालीचं प्रमाण कमी. ऑरेंज वाइनला लहान मणी आणि जाड, पूर्ण पिकलेली, निरोगी साल लागते. नाशिकमध्ये वाइनसाठी लावल्या जाणाऱ्या शेनिन ब्लॉंकपासून दक्षिण आफ्रिकेत अशा वाइन केल्या जातात. पण तिथली रीत उचलून चालणार नाही; सालीवर किती दिवस ठेवायचं हे इथल्या उन्हात पिकलेली सालच ठरवील. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने २०२० साली या प्रकाराची व्याख्या करताना सालींसोबत किमान एक महिना अशी अट घातली. त्या मोजमापाने काही तासांत रंग देणारी रामातो बाद होते. बाटली घेताना महिन्यांचा आकडा जरूर वाचावा, पण आधी द्राक्षाचं नाव पाहावं. आणि ती फ्रीजमधून काढून लगेच ओतू नये. फार थंड असली की तुरटपणाच पुढे येतो आणि जातीची चव मागे राहते.